१७५० च्या आकाशाचा शोध : अरण्यजन्य कण, ढग आणि हवामान यांविषयीच्या ज्ञानाचा इतिहास

बीजसंज्ञा : अरण्यजन्य कण, सांद्रीभवन केंद्रके, टर्पीन, औद्योगिक क्रांतीपूर्व वातावरण, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात १७५० हे सांगोल्याच्या कराराचे वर्ष आहे. छत्रपती शाहूंच्या निधनानंतर राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती एकवटली ती याच सुमारास. हवामानशास्त्राने या वर्षाला एक निराळाच मान दिला आहे. मानवी उद्योगांमुळे पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदात किती फरक पडला, याचा हिशेब आंतरशासकीय हवामान बदल मंडळ (आय.पी.सी.सी.) १७५० या वर्षापासून मांडते. हे वर्ष म्हणजे औद्योगिक क्रांतीच्या उंबरठ्यावरची शून्य रेषा होय.

शून्य रेषा आखावयाची तर त्या काळची स्थिती ठाऊक असावी लागते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ती ठाऊक आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून १७५० च्या सुमारास त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे २७८ भाग होते असे सिद्ध झाले आहे. ढगांच्या बाबतीत असा दस्तऐवज नाही. ढग ज्या सूक्ष्म कणांवर बनतात ते हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतात व पावसाबरोबर धुऊन जातात. नानासाहेब पेशव्यांच्या काळी एखाद्या अरण्यावरील हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये किती कण होते, याची नोंद कोणत्याही हिमस्तरात उरलेली नाही.

म्हणून अरण्ये हवेत किती कण सोडतात व त्यांतून ढग कसे घडतात हा प्रश्न वरकरणी रसायनशास्त्राचा असला तरी मुळात तो इतिहासाचा आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. कारखान्यांचा धूर नव्हता तेव्हा आकाश निर्मळ होते असे गृहीत धरले, तर आजच्या प्रदूषणाचा ढगांवरील परिणाम मोठा ठरतो. त्या काळीही वृक्षराजीच्या उच्छ्वासाने हवा कणांनी भरलेली होती असे दिसून आले, तर तोच परिणाम लहान ठरतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जवळजवळ दीडशे वर्षे गेली आहेत. त्या वाटचालीचा मागोवा येथे घेतला आहे.

धूळ आणि थेंब

हवेतील बाष्प थंड झाले की त्याचे थेंब होतात, असे शालेय पुस्तकात वाचावयास मिळते. हे अर्धेच सत्य आहे. शुद्ध हवेत केवळ बाष्पाचे रेणू एकत्र येऊन थेंब बनावयाचा असेल तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कित्येक पट व्हावी लागते. प्रत्यक्षातील ढगात ती शंभराच्या वर एक टक्काही क्वचितच जाते. बाष्पाला थेंबरूप घेण्यासाठी कशाचा तरी आधार लागतो.

हा आधार दाखवून देण्याचे श्रेय सहसा जॉन ऐटकेन या स्कॉटिश संशोधकास दिले जाते. वस्तुतः फ्रान्समध्ये पॉल-झां कूलिए यांनी १८७५ मध्येच तशा स्वरूपाचा प्रयोग केला होता. ऐटकेन हे शिक्षणाने अभियंते. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव तो व्यवसाय सोडून ते फॉल्कर्क येथील आपल्या घरीच प्रयोग करीत. १८८० मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी वाचलेल्या निबंधातील प्रयोग अगदी साधा होता. काचेची दोन भांडी घेतली, एकात साधी हवा आणि दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा भरली व दोहोंत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यात दाट धुके झाले आणि गाळलेल्या हवेच्या भांड्यात काहीच दिसेना. धूळ नसेल तर धुके नाही, ढग नाहीत आणि कदाचित पाऊसही नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे कण मोजण्याचे एक उपकरण तयार करून त्यांनी ते स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर आणि स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसवर नेले. हवेतील अतिसूक्ष्म कणांना आजही ‘ऐटकेन कण’ म्हणतात.

याच बेन नेव्हिसच्या वेधशाळेत १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन काही दिवस राहिले. तेथील ढगांवर पडणाऱ्या उन्हाचे रंग पाहून त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम ढग निर्माण करण्याचा ध्यास घेतला. त्यातून सिद्ध झालेल्या मेघपेटीने पुढे अणुभौतिकीत क्रांती केली व १९२७ चे नोबेल पारितोषिक विल्सन यांना मिळवून दिले. धूळ काढून टाकलेल्या हवेतही, संपृक्ततेच्या सुमारे चौपट बाष्प असेल तर विद्युत्‌भारित आयनांवर थेंब धरतात, हे त्यांना आढळले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शंभराहून अधिक वर्षांनी जिनिव्हात ती पुन्हा समोर येते.

ऐटकेन यांच्या निबंधात धूळ हा शब्द फार व्यापक अर्थाने आला आहे. ती धूळ कोठून येते या प्रश्नाला त्या काळी समुद्राचे मीठ, माती, धूर अशी उत्तरे होती. झाडांचे नाव त्यांत नव्हते. असे असूनही एक धागा उपलब्ध होता. १८६९ मध्ये लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी काचेच्या नळीत काही रसायनांच्या वाफा भरून त्यांवर तीव्र प्रकाश सोडला असता नळीत निळसर ढग तयार झाले होते. वायुरूप पदार्थापासून केवळ प्रकाशाच्या योगे घन वा द्रव कण निर्माण होऊ शकतात, हे यातून दिसले होते. अरण्याशी त्याचा संबंध जोडला जाण्यास मात्र नव्वद वर्षे लागली.

वसाहतकालीन भारतातील वन-पर्जन्य वाद

अरण्य आणि ढग यांचा संबंध युरोपातील प्रयोगशाळांत दुर्लक्षित असला, तरी वसाहतींच्या प्रशासनात तो जुना व तापलेला विषय होता. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे जंगलतोडीमुळे प्रदेश कोरडा पडतो ही कल्पना बेटांवरील वसाहतींतून भारतात आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती उचलून धरली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनसंरक्षक नेमले गेलेले अलेक्झांडर गिब्सन हे शल्यचिकित्सक होते व पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे काम त्यांनी पाहिले होते. मद्रासमध्ये एडवर्ड बाल्फोर यांनी वृक्षांच्या हवामानावरील प्रभावाविषयीचा निबंध १८४९ मध्ये प्रसिद्ध केला.

या वादाला आकड्यांची जोड दिली ती हेन्री ब्लॅनफर्ड यांनी. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे ते पहिले प्रमुख. १८८७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मध्य प्रांतातील पर्जन्याच्या नोंदी तपासल्या. नागपूर हे या प्रांताचे मुख्य ठाणे होते, त्यामुळे आजच्या विदर्भाचा काही भागही त्यात येतो. तेथे १८७५ च्या सुमारापासून फिरत्या शेतीस आळा घालून जंगले राखली गेली होती आणि त्यानंतरच्या वर्षांत पाऊस वाढल्याचे नोंदींत दिसत होते. ब्लॅनफर्ड यांनी सावधगिरीने का होईना, अरण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी १९१० मध्ये भारतातील दीर्घकालीन नोंदी पडताळून हवामानात कायमचा बदल झाल्याचा पुरावा नाही असे मत दिले, तेव्हा या वादाची धार बरीच बोथट झाली.

या वादाचे प्रशासकीय परिणाम आदिवासी व डोंगराळ भागातील शेतकऱ्यांनी भोगले, हे सर्वज्ञात आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्या गोष्टीकडे. ऐटकेन यांचा निबंध १८८० चा, तर ब्लॅनफर्ड यांचा १८८७ चा. एकाच दशकात एका बाजूला कणाशिवाय ढग नाही हे सिद्ध झाले आणि दुसऱ्या बाजूला अरण्यामुळे पाऊस वाढतो काय याची छाननी झाली. पण या दोन विचारधारांची गाठ पडली नाही. वनाधिकाऱ्यांचा सारा युक्तिवाद ओलावा, गारवा आणि बाष्पीभवन यांभोवती फिरत राहिला. अरण्य ढगाला पाण्याखेरीज आणखी काही देत असेल, ही शक्यता कोणाच्या ध्यानात आली नाही.

वेंट यांचा निळा पडदा

ती आली एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. फ्रिट्स वेंट (१९०३–१९९०) हे मूळचे हॉलंडमधील उत्रेख्तचे. वनस्पतींच्या वाढीस कारणीभूत असणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकावरील कामामुळे ते विशीतच विख्यात झाले. काही वर्षे जावा बेटावर काढून १९३३ मध्ये ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. तेथे त्यांचे एक सहकारी होते आरी हागेन-स्मिट. अननसाच्या वासाची घटकद्रव्ये वेगळी करणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचे कोडे सोडविले. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन व सूक्ष्म कण तयार होतात, असे त्यांनी १९५० च्या दशकारंभी दाखविले.

वेंट यांनी या शोधाचे टोक शहराकडून रानाकडे वळविले. मोटारींच्या वाफांपासून धुरके होत असेल, तर पाइन वृक्षांच्या आणि रानझुडपांच्या सुवासिक वाफांपासून का होऊ नये? १९६० मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी निळ्या धूसर पडद्यांविषयीचा लेख लिहिला. शहरांपासून दूर, वस्ती नसलेल्या डोंगराळ प्रदेशांतही उन्हाळ्यात दिसणारा निळसर पडदा हा वनस्पतींनी सोडलेल्या टर्पीनवर्गीय वाफांच्या ऑक्सिडीकरणातून झालेला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जगातील वनस्पती अशी सुमारे १७.५ कोटी टन द्रव्ये दरवर्षी हवेत सोडतात, असा अंदाजही त्यांनी बांधला. आज हा आकडा वर्षाला सुमारे १०० कोटी टन मानतात व त्यांपैकी जवळजवळ निम्मा वाटा आयसोप्रीन या एकाच द्रव्याचा आहे. पाने आयसोप्रीन सोडतात हे तत्कालीन सोव्हिएत जॉर्जियातील गिव्ही सानाद्झे यांनी १९५० च्या दशकातच ओळखले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दूरचा प्रत्येक निळा डोंगर हा टर्पीनचा पुरावा नव्हे. स्वच्छ हवेचे रेणूदेखील निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि सह्याद्रीच्या मागच्या रांगा निळ्या दिसतात त्यास तेवढेही कारण पुरते. आपल्या कणांना प्रकाश किती विखुरता येतो याचे मोजमाप वेंट यांच्यापाशी नव्हते. त्यांचा लेख हा सिद्धान्तापेक्षा प्रतिभाशाली अनुमान होता.

एका अर्धसत्याचे राजकारण

शास्त्रीय अनुमान सार्वजनिक जीवनात उतरले की त्याचे काय होते, याचा एक नमुना अमेरिकेत पाहावयास मिळाला. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचा बहुतांश भाग झाडाझुडपांतून येतो अशा आशयाचे विधान केले व त्या आधारे उद्योगांवरील निर्बंध अनाठायी ठरविले. एका सभास्थानी विद्यार्थ्यांनी झाडावर फलक लावून, मी आणखी बळी घेण्याआधी मला तोडा, अशी त्या झाडाच्या तोंडून विनंती केली. या विधानाची यथेच्छ टिंगल झाली.

टिंगल योग्य होती, तरी तिने एक तथ्य झाकोळले. झाडे हायड्रोकार्बने सोडतात हे खरेच होते. १९८८ मध्ये विल्यम शामिडेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटा शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसले की वृक्षाच्छादित शहराच्या ओझोनमध्ये झाडांच्या वाफांचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र मोटारी व विद्युत्‌केंद्रे यांची नायट्रोजन ऑक्साइडे नसतील तर त्या वाफांपासून तसे धुरके होत नाही. राजकीय विधानात पहिले अर्धे वाक्य होते, दुसरे गाळलेले होते. अरण्यजन्य कणांच्या संशोधनाला पुढे बराच काळ संशयाने पाहिले गेले त्याचे मूळ या गाळलेल्या अर्ध्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फिनलंडमधील एक पाइनवन

या विषयाला भक्कम मोजमापाचा पाया मिळाला तो फिनलंडमध्ये. हेलसिंकी विद्यापीठाचे ह्युतियाला येथे वनशास्त्राचे जुने केंद्र आहे. १९६२ मध्ये बी पेरून वाढविलेल्या स्कॉट्स पाइनच्या वनात तेथे १९९० च्या दशकाच्या मध्यास एक मापनकेंद्र उभारले गेले आणि १९९६ च्या जानेवारीपासून हवेतील कणांची संख्या व आकार यांची अखंड नोंद सुरू झाली. मार्कू कुल्माला हे या कार्याचे प्रमुख प्रवर्तक.

नोंदींतून जे चित्र उमटले ते अनपेक्षित होते. वसंतातील निरभ्र सकाळी, वर उल्लेखिलेल्या धुळीचा लवलेश नसताना, हवेत काही नॅनोमीटर आकाराचे कण हजारोंच्या संख्येने एकाएकी प्रकट होत. ते मातीतून उडालेले नव्हते की कोठून वाहून आलेले नव्हते; वायूंपासून तेथेच जन्मलेले होते. दर तासाला काही नॅनोमीटर या गतीने ते वाढत जात. आलेखावर ही वाढ वाकड्या पट्ट्यासारखी दिसते, म्हणून संशोधक तिला गमतीने केळे म्हणतात. ढगाचा थेंब धरण्यासाठी कण साधारणतः ५० ते १०० नॅनोमीटरचा व्हावा लागतो. तेवढा होईपर्यंत बहुतेक नवजात कण मोठ्या कणांना चिकटून नष्ट होतात. जे जलद वाढतात तेवढेच वाचतात आणि ही जलद वाढ झाडांच्या सेंद्रिय वाफांवर अवलंबून असते.

२००६ मध्ये पीटर टुनवेद व सहकाऱ्यांनी याची पडताळणी एका सुरेख युक्तीने केली. उत्तर ध्रुवीय समुद्रावरून येणारी हवा जवळजवळ कणरहित असते. ती अरण्यावरून जितका अधिक वेळ प्रवास करते तितके कण वाढतात काय, हे त्यांनी पाहिले. वाढत होते. उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्ये आपल्यावरील हवेत प्रत्येक घनसेंटिमीटरला एक ते दोन हजार हवामानदृष्ट्या महत्त्वाचे कण राखून असतात, असे अनुमान निघाले.

कण वाढल्याने ढगात काय बदल होतो, हे शॉन ट्वुमी यांनी १९७० च्या दशकात सांगितले होते. पाणी तेवढेच आणि कण अधिक असतील तर थेंबांची संख्या वाढते व प्रत्येक थेंब लहान होतो. असा ढग अधिक पांढरा दिसतो, ऊन अधिक परतवितो आणि त्याखालची भूमी थंड राहते. लहान थेंब एकमेकांत मिसळून पावसाचा थेंब होण्यास वेळही अधिक लागतो, कारण पावसाच्या एका थेंबात ढगाचे सुमारे दहा लाख थेंब सामावलेले असतात. तेव्हा अरण्य कण देते म्हणून पाऊस हमखास वाढतो असे समीकरण मांडता येत नाही. ब्लॅनफर्ड यांच्या प्रश्नाला कणांच्या बाजूने मिळालेले हे उत्तर त्यांच्या कौलाला सरळ दुजोरा देणारे नाही.

उष्णता वाढली की वृक्ष टर्पीन अधिक सोडतात, त्यामुळे ढग उजळतात व तापमानवाढीला काहीसा लगाम बसतो, असा आशावादही याच संशोधनातून पुढे आला. २०१३ मधील एका अभ्यासाने त्याचे माप घेतले : उत्तरेकडील अरण्यप्रदेशांत हा लगाम स्थानिक पातळीवर तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, परंतु साऱ्या जगाचा विचार करता तो अवघा एक टक्का आहे.

विश्वकिरणांच्या शोधात सापडलेली झाडे

जिनिव्हाजवळील सर्न ही संस्था मूलकणांच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. तेथे २००९ च्या अखेरीस ‘क्लाउड’ नावाचा प्रयोग सुरू झाला त्यामागे अरण्यांचा विचार प्रमुख नव्हता. १९९७ मध्ये डॅनिश संशोधक हेन्रिक स्वेन्समार्क व त्यांच्या सहकाऱ्याने असे सुचविले होते की अवकाशातून येणारे विश्वकिरण ढगांचे प्रमाण ठरवितात. विश्वकिरण हवेत आयन निर्माण करतात आणि आयनांवर थेंब धरू शकतात, हे विल्सन यांच्यापासून ठाऊक होते. तापमानवाढीचे खापर मानवाऐवजी सूर्य व विश्वकिरणांवर फोडू पाहणाऱ्यांना ही कल्पना फार सोयीची वाटली. तिची कसोटी घेण्यासाठी जॅस्पर कर्कबी यांच्या नेतृत्वाखाली पोलादाची २६ घनमीटरची एक अत्यंत स्वच्छ टाकी बांधण्यात आली व कणत्वरकातून येणाऱ्या झोताने त्यात कृत्रिम विश्वकिरण सोडण्याची व्यवस्था झाली.

कारखाने व विद्युत्‌केंद्रे यांच्या धुरातून येणारे गंधकाम्ल हेच नव्या कणांचे मूळ बीज, असा त्या वेळी जवळजवळ सर्वमान्य समज होता. २०११ मधील पहिल्या निष्कर्षांनी त्याला धक्का दिला. गंधकाम्ल आणि अमोनिया यांच्या वाफा जमिनीलगतच्या हवेत आढळणारे कण निर्माण करण्यास पुरत नव्हत्या. आणखी काहीतरी हवे होते. २०१४ मध्ये मिकाएल एन यांच्या गटाने ते दाखविले. पाइनच्या वासातील अल्फा-पायनीनचा ओझोनशी संयोग झाला की त्याचा रेणू ऑक्सिजनचे अणू झपाट्याने स्वतःत ओढून घेतो व इतका जड होतो की पुन्हा वायुरूपात परतत नाही.

मे २०१६ मध्ये ‘क्लाउड’ गटाने निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. टाकीत गंधकाम्ल जवळजवळ मुळीच नसताना केवळ अल्फा-पायनीनच्या वाफा व ओझोन ठेवले असता नवे कण विपुल प्रमाणात तयार झाले. विश्वकिरणांचे आयन असताना त्यांचा जन्मदर दहा ते शंभर पटींनी वाढला. त्याच सुमारास आल्प्समधील ३,५८० मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख केंद्रावर खुल्या हवेतही सेंद्रिय वाफांपासून कण जन्मताना नोंदले गेले. विश्वकिरणांच्या सिद्धान्ताचे काय झाले? सूर्याच्या चक्रानुसार विश्वकिरणांत होणाऱ्या चढउतारांचा ढगांच्या केंद्रकांवरील परिणाम नगण्य आहे, असे त्याच वर्षी त्याच गटाने जाहीर केले. ज्या प्रयोगाकडे मानवाला दोषमुक्त करण्याच्या अपेक्षेने पाहिले गेले होते, त्याने त्याऐवजी झाडांची भूमिका उजेडात आणली.

शून्य रेषा सरकते

आता आपण १७५० कडे वळू शकतो. २०१३ मध्ये केन कार्सलॉ व सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली होती. प्रदूषक कणांचा ढगांवर जो परिणाम झाला त्याच्या अंदाजातील अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४५ टक्के, आजच्या प्रदूषणाविषयीच्या अज्ञानाचा नसून ज्वालामुखी, समुद्र व अरण्ये यांच्या नैसर्गिक कणांविषयीच्या अज्ञानाचा आहे. मानवी प्रदूषणाचा वाटा ३४ टक्केच होता. याचे कारण ढगांच्या स्वभावात आहे. स्वच्छ हवेत शंभर कणांची भर पडली तर ढग लक्षणीय उजळतो. आधीच हजारो कण असलेल्या हवेत तीच भर जाणवत नाही. त्यामुळे आरंभी हवा कशी होती यावर पुढचे सारे गणित उभे राहते.

हॅमिश गॉर्डन यांनी २०१६ मध्ये ‘क्लाउड’चे निष्कर्ष जागतिक प्रतिमानात घातले. झाडे गंधकाम्लाच्या मदतीशिवाय कण निर्माण करतात हे मान्य केले की १७५० चे आकाश पूर्वी समजले जात होते त्याहून अधिक कणमय ठरते. परिणामी प्रदूषणाने ढगांमार्फत दिलेला थंडावा दर चौरस मीटरला ०.८२ वॅटवरून ०.६० वॅटवर, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी, खाली येतो. आय.पी.सी.सी.च्या २०२१ च्या अहवालात १७५० ते २०१९ या काळातील सर्व कणांचा एकूण थंडावा १.१ वॅट मानला आहे, पण त्याची मर्यादा ०.४ ते १.७ अशी रुंद आहे. कार्बन डायऑक्साइडचा तापविणारा प्रभाव २.१६ वॅट आहे, हे लक्षात घेता ही रुंदी क्षुल्लक म्हणता येणार नाही. धुराने किती उष्णता झाकून ठेवली आहे हे कळल्याखेरीज धूर ओसरल्यावर किती उष्णता उघडी पडेल हे सांगता येत नाही.

उष्ण कटिबंधातील अरण्यांचा साक्षीपुरावा निराळा आहे. ॲमेझॉनच्या पावसाळ्यात हवेत घनसेंटिमीटरला अवघे काहीशे कण असतात. तेथील ढग सागरी ढगांसारखे वागतात, म्हणून संशोधकांनी या अरण्याला हरित सागर म्हटले. जंगल पेटविले जाते त्या हंगामात धुराचे कण इतके वाढतात की थेंब लहान राहून पाऊस लांबतो, हे माइनराट आंद्रेए यांच्या गटाने २००४ मध्ये नोंदविले. त्यातील कोडे असे की ह्युतियालासारखी कणांची पहाट ॲमेझॉनच्या भूमीवर क्वचितच दिसते. मग ते काहीशे कण तरी येतात कोठून? वरून येतात, असे २०१६ मध्ये दिसून आले; पावसाबरोबर उतरणाऱ्या हवेतून ते खाली येतात. वर ते कसे बनतात, याचे उत्तर २०२४ च्या डिसेंबरात मिळाले. रात्रीची वादळे आयसोप्रीन दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर नेतात आणि सूर्योदयानंतर, विजांनी निर्माण केलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या सहभागाने, त्या कडाक्याच्या थंडीत त्याचे कण बनतात. ज्या आयसोप्रीनला कणनिर्मितीत अडथळाच मानले जात होते, तेच तेथे मुख्य घटक ठरले.

धुराची दप्तरे

१७५० चे आकाश म्हणजे अस्पर्शित अरण्यावरचे आकाश, असे मानणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास मान्य होणार नाही. अरण्यात माणसे होती व ती आग वापरीत होती. डग्लस हॅमिल्टन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच मुद्दा मांडला. लोकसंख्या कमी म्हणजे वणवेही कमी, हे जुने गृहीतक सोडून दिले तर औद्योगिक क्रांतीपूर्वीचा धूर बराच वाढतो आणि प्रदूषणाचा ढगांवरील परिणाम एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटतो. या अभ्यासाची मदार हिमस्तरांतील काजळी, तळ्यांच्या गाळातील कोळसा व वणव्यांची प्रतिमाने यांवर आहे.

आपल्याकडे मापनाची बाजू सांभाळणारे केंद्र आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे उच्चस्थानीय मेघभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात ढग तेथे जमिनीलाच टेकतात, त्यामुळे थेंब व कण जागच्या जागी मोजता येतात. मात्र उपखंडाच्या आजच्या हवेत गंधकयुक्त धूर सर्वत्र मिसळलेला असल्याने ही मोजमापे १७५० च्या हवेची साक्ष म्हणून वापरता येत नाहीत. त्यासाठी कागदपत्रांकडेच वळावे लागेल.

अशी कागदपत्रे आहेत. कारवार भागातील कुमरी शेती व कोकणातील राब यांविषयी एकोणिसाव्या शतकातील वनाधिकाऱ्यांनी विपुल लिहिले आहे. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाचा १८८७ चा अहवाल तर मुख्यतः ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांसंबंधी आहे आणि त्यात राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा कळीचा मुद्दा आहे. भाताची वा नाचणीची रोपे ज्या तुकड्यात करावयाची तो तुकडा फांद्या, पाला, गवत व शेण पसरून पावसाळ्यापूर्वी भाजला जाई. म्हणजे हा धूर नैर्ऋत्य मोसमी वारे येण्याच्या ऐन तोंडावर हवेत असे. या नोंदी महसूल आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या इतिहासासाठी वाचल्या गेल्या आहेत. धुराच्या इतिहासासाठीही त्या वाचता येतील. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातील महसूल व वन खात्यांची दप्तरे या दृष्टीने हाताळावयाची झाल्यास प्रथम भातशेतीचे तालुकावार क्षेत्र, मग रोपवाटिकेचे क्षेत्राशी असलेले प्रमाण आणि शेवटी दर बिघ्याला जाळावयाच्या राबाचे प्रमाण, या क्रमाने आकडे काढावे लागतील.